लेखणीचा धनी कोण?

दरवर्षी १७ सप्टेंबरला छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातील स्मृतिस्तंभापाशी शासकीय इतमामात ध्वज चढतो. मुक्तिसंग्रामातील हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते, भाषणे होतात, मराठवाड्याच्या अनुशेषाची उजळणी होते. त्या दिवशीची वृत्तपत्रे जाडजूड असतात. पानेच्या पाने शुभेच्छांच्या जाहिरातींनी भरलेली. त्यात हुतात्मे अंगठ्याएवढे आणि शुभेच्छुक तळहाताएवढे. या जल्लोषात एक उणीव मात्र फारशी कोणाला जाणवत नाही. ज्या वृत्तपत्राने या भूमीचे नावच आपल्या मस्तकी धारण केले होते, ज्याचा जन्म या संग्रामाच्या ऐन धुमाळीत झाला, ते ‘मराठवाडा’ या गर्दीत नसते. ते केव्हाच बंद पडले.

निजामाच्या बंदीने ते मेले नाही. आणीबाणीच्या वरवंट्याखालीही ते चिरडले गेले नाही. ते संपले ते लोकशाहीत, स्वातंत्र्यात, सुशिक्षित आणि सुस्थित समाजाच्या डोळ्यांदेखत. हुकूमशहाला जे साधले नाही ते समाजाच्या उदासीनतेने साधले, याहून कटू सत्य दुसरे कोणते? वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या नावाने वर्षातून चार परिसंवाद झोडणारी मंडळी सरकार, सेन्सॉर आणि कायदा यांवर तासन्‌तास बोलतात. परंतु वृत्तपत्राचा धनी कोण, हा पहिला आणि मूलभूत प्रश्न ते विचारीत नाहीत. विचारला तरी सोयीने विचारतात. म्हणूनच तो येथे विचारावयास हवा.

निजामाच्या छायेतील मराठी अक्षर

हैदराबाद संस्थानात प्रजा बहुसंख्येने हिंदू होती. तिच्या भाषा तेलुगू, मराठी आणि कानडी. राज्यकारभार मात्र उर्दूत चालत असे आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच ठेवण्यात आले. ‘गश्ती निशाण ५३’ या कुप्रसिद्ध हुकमाने सभा-संमेलनांवर परवानगीचा पहारा बसविला होता. अशा राज्यात मराठी वृत्तपत्र काढणे म्हणजे काय दिव्य होते, हे एकाच उदाहरणावरून कळावे. १९२० साली हैदराबादेत लक्ष्मणराव फाटक यांनी मराठी साप्ताहिक काढले, त्याचे नाव होते ‘निजाम विजय’! मराठी भाषेला श्वास घेण्यासाठीसुद्धा ज्याने तिचा गळा आवळला त्याच्याच विजयाचे नाव कपाळी लावावे लागत होते.

१९३८ साल उजाडले आणि हे चित्र पालटू लागले. त्या एका वर्षात संस्थानात तीन ज्वाला एकाच वेळी उठल्या. आर्य समाज आणि हिंदू महासभा यांनी धार्मिक स्वातंत्र्यासाठी सत्याग्रहाची हाक दिली. स्टेट काँग्रेसने स्वामी रामानंद तीर्थ यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली आपला सत्याग्रह आरंभिला. आणि वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हटले एवढ्या ‘अपराधा’साठी विद्यार्थ्यांना शिक्षणसंस्थांतून काढून टाकण्यात आले. त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. वंदे मातरम्‌च्या त्या ज्वाळेत आजच्या संभाजीनगरातील महाविद्यालयही धगधगले होते.

त्याच १९३८ साली आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक सुरू केले. ‘निजाम विजय’पासून ‘मराठवाडा’पर्यंतचा प्रवास केवळ दोन शीर्षकांतील अंतराचा नाही. पहिल्या नावात सत्ताधीश होता, दुसऱ्या नावात भूमी होती. निजामी राजवटीला ते सहन होणे शक्यच नव्हते. बंदीचा हुकूम निघाला. परंतु बंदीमुळे नाव पुसले जात नाही, ते अधिक ठळक होते.

त्या काळी संपादक होण्याचे मोल काय होते, हे शोएबुल्ला खान यांच्या बलिदानाने दाखवून दिले. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे हे तरुण संपादक. हैदराबादने भारतात विलीन व्हावे, असे ते निर्भयपणे लिहीत. लातुरातून पुढे आलेल्या कासीम रझवीच्या रझाकारांनी ऑगस्ट १९४८ मध्ये रात्रीच्या अंधारात त्यांची हत्या केली; ज्या हाताने ते लिहीत तो हातही छाटला. शोएबुल्ला मुसलमान होते, पत्र उर्दू होते. परंतु निष्ठा भारताशी होती आणि रझाकारांना तेवढे कारण पुरेसे होते. राष्ट्रीय विचार पंथावर ठरत नाही, निष्ठेवर ठरतो, याचा याहून लख्ख पुरावा शोधावा लागत नाही. त्यानंतर महिन्याभरातच, १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली.

कर्जाचा वारसा

त्या पिढीत वृत्तपत्राचा मालक म्हणजे कोण? नफा मोजणारा नव्हे. कर्ज डोक्यावर घेणारा आणि प्रसंगी बेडी हातात घालून घेणारा. ‘केसरी’ १८८१ च्या जानेवारीत निघाला आणि दुसऱ्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आले. पुढे मतभेद झाले, वाटा वेगळ्या झाल्या आणि १८९१ च्या सुमारास ‘केसरी’ व ‘मराठा’ टिळकांकडे आले ते कर्जाच्या बोजासह. या मालकीतून लोकमान्यांना मिळाले काय? १८९७ चा राजद्रोहाचा खटला आणि १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा. मंडालेचा तुरुंग हाच त्या मालकीचा लाभांश!

स्वयंसेवकांना आणखी एक उदाहरण ठाऊक असावयास हवे. संघाची स्थापना होण्याच्या आदल्या वर्षी, १९२४ मध्ये, नागपुरात ‘स्वातंत्र्य’ नावाचे दैनिक निघाले. त्याच्या उभारणीत आणि संपादनात डॉ. केशव बळिराम हेडगेवार होते. पत्राचे नावच पूर्ण स्वातंत्र्याची घोषणा करीत होते. लेखणी तेजस्वी होती, ध्येय निःसंदिग्ध होते. पण पैसा नव्हता. सुमारे वर्षभरात ते दैनिक आर्थिक ओढाताणीने बंद पडले. विचार कितीही उज्ज्वल असला तरी त्यामागे संघटित समाज उभा नसेल तर तो छापखान्याच्या देण्यापुढे हरतो. ‘स्वातंत्र्य’ मिटले आणि १९२५ च्या विजयादशमीला संघटनेचे काम सुरू झाले. या क्रमात ज्याने त्याने आपला बोध शोधावा.

मतभेदापलीकडचा संपादक

‘मराठवाडा’ची धुरा पुढे अनंतराव भालेराव यांच्या खांद्यावर आली. वैजापूर तालुक्यातील खंडाळ्यात १९१९ साली जन्मलेले अनंतराव मुक्तिसंग्रामातील लढवय्ये होते. ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा त्यांचा ग्रंथ आजही त्या काळाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. साप्ताहिकाचे दैनिक झाले आणि या भागातील पाणी, रेल्वे, विद्यापीठ, विकास अशा प्रत्येक प्रश्नावर ‘मराठवाडा’चा अग्रलेख काय म्हणतो, याची मुंबईतील मंत्रालयालाही दखल घ्यावी लागू लागली.

अनंतराव समाजवादी वळणाचे होते. संघविचाराशी त्यांचे सूर जुळणारे नव्हते. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने केला, तेव्हा ‘मराठवाडा’ने विरोधाची भूमिका घेतली. तो काळ या प्रदेशाच्या सामाजिक ऐक्यावर खोल ओरखडा उमटविणारा ठरला. दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होऊन विद्यापीठाला भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडले गेले, तोवर बरेच काही गमावले गेले होते. त्या भूमिकेबद्दल अनंतरावांवर झालेली टीका वावगी म्हणता येणार नाही. सामाजिक समरसतेच्या कसोटीवर ती भूमिका टिकत नाही, हे स्पष्टच म्हटले पाहिजे.

तरीही एक गोष्ट त्यांचा कठोर टीकाकारही नाकारू शकत नाही. ‘मराठवाडा’ चुकला तेव्हा स्वतःच्या बुद्धीने चुकला, कोणाच्या तिजोरीच्या इशाऱ्याने नव्हे. २५ जून १९७५ च्या रात्री देशावर आणीबाणी लादली गेली. ‘ऑर्गनायझर’, ‘पाञ्चजन्य’ यांसारख्या राष्ट्रीय विचाराच्या पत्रांची गळचेपी झाली, संघावर बंदी आली, हजारो स्वयंसेवक गजाआड गेले. त्याच काळात अनंतरावांनाही तुरुंगात जावे लागले. समाजवादी संपादक आणि शाखेचा मुख्यशिक्षक हे एकाच राजवटीचे बंदी होते. विचार भिन्न असूनही दोघांना स्वातंत्र्याचे मोल सारखेच ठाऊक होते.

या संपादकाचे १९९१ साली निधन झाले. त्यानंतर ‘मराठवाडा’ फार काळ टिकला नाही. असे का झाले, याचे उत्तर भावनेत सापडणार नाही. ते मालकी आणि भांडवल यांच्या व्यवहारात सापडते.

नाव लोकांचे, सत्ता कोणाची?

९ जानेवारी १९८२ रोजी या शहरातून ‘लोकमत’ची आवृत्ती सुरू झाली. या नावाचा इतिहासही मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९१८ साली यवतमाळला लोकनायक बापूजी अणे यांनी ‘लोकमत’ हे पत्र काढले आणि ते नाव सुचविले होते लोकमान्य टिळकांनी. कालांतराने ते नाव जवाहरलाल दर्डा यांच्याकडे आले. १९७१ च्या डिसेंबरात नागपुरात त्याचे दैनिक झाले. दर्डा स्वातंत्र्यलढ्यात सहभागी झालेले होते, हे खरे. आणि ते काँग्रेसचे राज्यातील मंत्री होते, हेही तितकेच खरे. पुढे या घराण्यातून एक जण राज्यसभेत काँग्रेसचे खासदार झाले, तर दुसरे संभाजीनगरातूनच आमदार आणि मंत्री झाले.

नवी यंत्रे, मोठे भांडवल, गावोगावी वितरणाचे जाळे आणि जाहिरातींचा ओघ यांच्यापुढे ध्येयवादाच्या भाकरीवर जगणारे जुने पत्र किती काळ तग धरणार? यात कायदा मोडला गेला, असे कोणी म्हणत नाही. स्पर्धा कायदेशीर होती आणि वाचकाने आपल्या मर्जीने निवड केली. प्रश्न कायद्याचा नाहीच. प्रश्न असा आहे की, सत्ता ज्यांच्या हाती तेच वृत्तपत्राचे धनी झाले, तर सत्तेला जाब कोणी विचारावयाचा? टिळकांनी दिलेले नाव आणि टिळकांचा बाणा या दोन गोष्टी एकत्रच हस्तांतरित होतात काय?

हा केवळ मराठवाड्याचा अनुभव नाही. पुण्यात डॉ. ना. भि. परुळेकर यांनी १ जानेवारी १९३२ रोजी ‘सकाळ’ सुरू केला. पानांच्या संख्येवरून वृत्तपत्राची किंमत ठरवू पाहणाऱ्या केंद्राच्या कायद्याला याच ‘सकाळ’ने आव्हान दिले आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरविला. देशातील प्रत्येक वृत्तपत्र त्या निकालाचे ऋणी आहे. १९७३ साली परुळेकर गेले. १९८५ साली हे पत्र बारामतीच्या पवार घराण्याच्या ताब्यात आले. नेहरूंच्या सरकारशी न्यायालयात झुंजून ज्याने आपले स्वातंत्र्य राखले, त्याची मालकी एका सत्ताधारी घराण्याकडे जावी, हा नियतीचा उपहास म्हणावा की महाराष्ट्राच्या बौद्धिक जीवनाचा पराभव?

२०२२ साली एका इंग्रजी वृत्तवाहिनीची मालकी एका उद्योगपतीकडे गेली, तेव्हा दिल्ली-मुंबईच्या पुरोगामी वर्तुळात जणू सुतक पाळले गेले. भांडवलदाराच्या हाती माध्यम जाणे धोक्याचे, हे त्यांचे म्हणणे तत्त्वतः मान्य करावयास काहीच हरकत नाही. परंतु मग हा नियम सर्वांना लागू करा! साखर कारखाना, शिक्षणसंस्था, सहकारी बँक आणि वृत्तपत्र असा चौरंगी पट मांडून बसलेल्या राजकीय घराण्यांकडे पाहताना या मंडळींच्या डोळ्यांवर अर्धशतक कोणती झापड होती? उद्योगपतीची मालकी म्हणजे गळचेपी आणि मंत्र्याच्या घराण्याची मालकी म्हणजे पुरोगामित्व, हा कुठला न्याय?

पॅरिसचा आरसा

या वर्तुळाचे आणखी एक व्यसन आहे. भारतातील कोणत्याही प्रश्नावर परदेशी वृत्तपत्राने चार ओळी लिहिल्या की त्या वेदवाक्य मानावयाच्या. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत राफेल विमानांच्या संदर्भात फ्रान्सच्या ‘ल माँद’ या दैनिकाने दिलेले वृत्त असेच मिरविले गेले. ‘ल माँद’ थोर वृत्तपत्र आहे, यात वाद नाही. परंतु त्याचा धनी कोण, हे विचारण्याचे भान कोणाला होते? ते विचारले असते, तर फ्रान्समधूनही मोठा धडा मिळाला असता.

जर्मन जोखडातून फ्रान्स मुक्त झाला, तेव्हा जनरल द गॉल यांच्या इच्छेनुसार डिसेंबर १९४४ मध्ये ‘ल माँद’चा जन्म झाला. ‘ल ताँ’ या जुन्या पत्राची वास्तू आणि यंत्रे त्याला मिळाली आणि युबेर बव्ह-मेरी संपादक झाले. म्हणजे तेही मुक्तिसंग्रामाचेच अपत्य, ‘मराठवाडा’चे समकालीन भावंड. १९५१ साली मालकमंडळींशी खटका उडून संपादकाने राजीनामा दिला, तेव्हा पत्रकार आणि वाचक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. नुसती निदर्शने करून ते थांबले नाहीत. पत्रकारांनी आपली संस्था स्थापन करून पत्राच्या मालकीत वाटा मिळविला. पुढे १९६८ मध्ये तो वाटा आणखी वाढला. लेखणी चालविणाराच लेखणीचा धनी, असा तो आदर्श होता.

तो आदर्शही कर्जाने गिळला. २०१० साली ‘ल माँद’ कर्जाच्या गाळात इतका रुतला की पत्रकारांना नियंत्रण सोडून द्यावे लागले. फॅशन उद्योगातील पिएर बेर्जे, दूरसंचार उद्योजक झाव्हिए निएल आणि बँकर मात्यू पिगास या तिघांनी ते पत्र घेतले. खुद्द राष्ट्राध्यक्ष सार्कोझी यांनी हा व्यवहार होऊ नये म्हणून पत्राच्या संचालकाकडे नापसंती व्यक्त केल्याच्या बातम्या तेव्हा गाजल्या. २०१८ मध्ये पिगास यांच्या हिश्श्यात चेक ऊर्जा-उद्योजक डॅनियल क्रेटिन्स्की शिरले, तेव्हा मात्र पत्रकार पुन्हा जागे झाले. शेकडो जणांनी सह्यांचे निवेदन काढले आणि नियंत्रण नव्या धन्याकडे जाण्याआधी आपली संमती आवश्यक राहील, हा हक्क त्यांनी २०१९ मध्ये मिळविला.

इतर फ्रेंच पत्रांची स्थिती याहून बोलकी आहे. १८२६ साली सुरू झालेले ‘ल फिगारो’ २००४ पासून दासो समूहाकडे आहे, म्हणजे राफेल विमाने बांधणाऱ्या घराण्याकडेच! ‘ले झेको’ आणि ‘ल पारिझियँ’ ही दैनिके उंची चैनीच्या वस्तू विकणाऱ्या बेर्नार आर्नो यांच्या समूहाने घेतली. ज्याँ-पॉल सार्त्र यांच्यासारख्या डाव्या तत्त्वज्ञाच्या पुढाकाराने १९७३ साली निघालेले ‘लिबेरासियाँ’ आधी रॉथ्सचाइल्ड घराण्यातील एका बँकरच्या, मग एका दूरसंचार सम्राटाच्या आधाराला गेले. क्रांतीची गाणी गाणाऱ्यालाही शेवटी सावकाराच्या ओसरीवर बसावे लागले. विचार उजवा असो वा डावा, समाजाने पोसले नाही तर तो विकला जातो.

परंतु या आदर्शासाठी पॅरिसला जाण्याची गरज तरी काय? १९४८ साली दादासाहेब आपटे या मराठी माणसाने भारतीय भाषांतून बातम्या पुरविणारी ‘हिंदुस्थान समाचार’ ही वृत्तसंस्था उभारली. तिचे रूप सहकारी होते. तेथे काम करणारे कर्मचारीच तिचे भागधारक होते. दादासाहेब संघाचे प्रचारक. पुढे विश्व हिंदू परिषदेचे पहिले महामंत्री. ज्यांना उठता-बसता ‘भांडवलशाहीचे हस्तक’ म्हणून हिणविले गेले, त्यांनी ही कर्मचाऱ्यांची मालकी प्रत्यक्षात आणून दाखविली होती. तिच्या वाट्याला काय आले? १९७६ साली आणीबाणीच्या सरकारने चारही वृत्तसंस्थांची मोट बांधून एकच ‘समाचार’ केली. आणीबाणीनंतर, १९७८ मध्ये, ते विलीनीकरण मोडले. पण अशा घावातून सावरणे सोपे नसते. समाजवादाची जपमाळ ओढणाऱ्या राजवटीनेच एक खरीखुरी सहकारी वृत्तसंस्था मोडली, हे पुरोगामी इतिहासकार सहसा सांगत नाहीत.

छोट्या अक्षरांतील सत्य

या देशात वृत्तपत्राचा धनी कोण, हे जाणून घेण्याची सोय नव्हती असे नाही. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याची जागा २०२४ च्या मार्चमध्ये नव्या कायद्याने घेतली. त्या जुन्या कायद्याखाली कित्येक दशके प्रत्येक नियतकालिक मार्चच्या आरंभी एक निवेदन छापीत असे. ‘फॉर्म ४’ या शीर्षकाखाली प्रकाशनस्थळ, मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि एक टक्क्याहून अधिक हिस्सा असणारे भागधारक यांची नावे त्यात येत. आतल्या पानावर, कोपऱ्यात, भिंगाशिवाय वाचता येणार नाहीत अशा अक्षरांत. किती वाचकांनी ते निवेदन कधी वाचले? भाजी घेताना वांगे उलटेपालटे करून पाहणारा, सोने घेताना कस लावणारा मराठी मध्यमवर्ग रोज सकाळी डोक्यात जे भरून घेतो त्याचा कस कधी पाहत नाही.

न पाहण्याची किंमत २००९ साली चुकती झाली. त्या वर्षीच्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या स्तुतीचा एकच मजकूर, जवळजवळ शब्दशः, वेगवेगळ्या मोठ्या मराठी दैनिकांत ‘बातमी’ म्हणून झळकला. ‘पेड न्यूज’ हा शब्द घरोघरी पोहोचला. प्रेस कौन्सिलने दोन सदस्यांची उपसमिती नेमली. तिने नावानिशी सविस्तर अहवाल दिला. परंतु २०१० मध्ये कौन्सिलने तो संक्षिप्त रूपात स्वीकारला आणि संपूर्ण अहवाल उघड होण्यासाठी केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश यावा लागला. इतरांच्या भ्रष्टाचारावर अग्रलेख लिहिणाऱ्यांनी स्वतःचा अहवाल पेटीत बंद करावा, याला दांभिकपणा म्हणू नये तर काय म्हणावे?

येथे एक आक्षेप हमखास घेतला जाईल. राष्ट्रीय विचाराच्या पत्रांनाही धनी आहे, त्यांनाही विचारसरणी आहे, मग ती तटस्थ कशी? उत्तर सरळ आहे. ती तटस्थ असल्याचा आव आणीतच नाहीत. कोणत्या विचाराचे पत्र, कोणाच्या बळावर चालते, हे त्यांच्या मुखपृष्ठावरूनच कळते. १९५० साली दिल्लीच्या प्रशासनाने ‘ऑर्गनायझर’वर पूर्वतपासणीचा हुकूम बजावला, तेव्हा हे पत्र सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. त्याच दिवशी डाव्या विचाराचे ‘क्रॉस रोड्स’ही जिंकले. दोन परस्परविरोधी विचारांच्या पत्रांनी मिळविलेल्या या विजयाला उत्तर म्हणून नेहरू सरकारने वर्षभरात, १९५१ साली, घटनेत पहिली दुरुस्ती करून अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरील निर्बंधांची व्याप्ती वाढविली. उघड भूमिकेचे पत्र वाचकाला फसवीत नाही. मुखवट्याचे पत्र फसविते. आक्षेप मालकीला नाही, मुखवट्याला आहे.

वर्गणी हीच मालकी

मग दोष केवळ घराण्यांचा आणि भांडवलदारांचा काय? तसे म्हणणे सोपे आहे आणि म्हणूनच अपुरे आहे. मोठे दैनिक वाचकाला ज्या किमतीत मिळते, त्या किमतीत त्याचा कागद आणि छपाईसुद्धा भागत नाही. उरलेला पैसा जाहिरातदार देतो, सरकार देते किंवा मालकाचा दुसरा एखादा धंदा देतो. ज्याने पैसा दिला तो आपला हिशेब मांडणारच. अंक फुकटात मिळाला, त्यावर भेटवस्तूचे कूपन मिळाले, वर्षाअखेरीस बादली किंवा तवा मिळाला म्हणून हरखून जाणाऱ्या वाचकाने एवढे ओळखावे की त्या व्यवहारात तो ग्राहक नव्हता. विकला जाणारा माल होता.

‘मराठवाडा’च्या अग्रलेखाची कात्रणे जपून ठेवणारे या शहरात पुष्कळ होते. अनंतरावांच्या निर्भीडपणाचे कौतुक करणारे त्याहून अधिक होते. पण कौतुकाने छापखान्याचे बिल भागत नाही आणि कात्रणांनी वार्ताहराच्या घरची चूल पेटत नाही. ज्या समाजाने निजामाशी लढताना प्राण दिले, त्याच समाजाच्या पुढच्या पिढीला आपले पत्र जगविण्यासाठी दिवसाकाठी चार पैसे जास्त मोजणे जड गेले. त्या समाजात राष्ट्रीय विचाराची घरेही होतीच. समाजवाद्यांचे पत्र बुडाले म्हणून मनातून सुखावणारे कोणी असतील, तर त्यांनी स्वतःच्या घराकडेही पाहावे. याच शहरातून ‘देवगिरी तरुण भारत’ निघाला. स्वतःला विचाराचे पाईक म्हणविणाऱ्या किती घरांत त्या दैनिकाचा अंक वर्गणी भरून येत होता, आणि किती घरांत तो केवळ कार्यक्रमाची बातमी छापून येईल त्या दिवसापुरता विकत घेतला जात होता? प्रत्येकाने आपल्या देवघरासमोर उभे राहून याचे उत्तर द्यावे.

कार्यकर्त्याला उन्हातान्हात पावतीपुस्तक घेऊन दारोदार जाणे कमीपणाचे वाटू लागले, तर विचाराच्या पत्रांचे दिवस भरले म्हणून समजावे. वर्गणी म्हणजे देणगी नव्हे, भीक तर नव्हेच. वर्गणी म्हणजे मालकीचा दस्तऐवज. पावतीच्या त्या चिटोऱ्यावर ज्याचे नाव आहे तोच त्या पत्राचा खरा धनी. संपादक चुकला तर त्याला पत्र लिहून कान धरण्याचा अधिकारही त्याचाच. दहा हजार घरांनी एकेक वर्गणी भरलेले पत्र विकत घ्यावयाचे असेल, तर दहा हजार दारे ठोठवावी लागतात. एका शेठजीच्या पैशावर चाललेले पत्र विकत घ्यावयाला एकच सही पुरते. हा साधा हिशेब पॅरिसच्या पत्रकारांना सत्तर वर्षांच्या ठेचांनंतर पुन्हा शिकावा लागला. मराठी माणसाला तो टिळकांच्या कर्जखात्याने आणि डॉक्टरांच्या ‘स्वातंत्र्य’ने शंभर वर्षांपूर्वीच शिकविला होता.

२०२३ साली या शहराला छत्रपती संभाजी महाराजांचे नाव अधिकृतपणे मिळाले. त्यासाठी दोन पिढ्यांनी आग्रह धरला, तो सफल झाला. नाव परत मिळविण्याची ती जिद्द वाणी परत मिळविण्यासाठीही दिसावयास हवी. ‘निजाम विजय’ या नावाखाली दबून लिहिणारी मराठी लेखणी ‘मराठवाडा’ हे नाव अभिमानाने मिरवू लागली, तेव्हा तिच्या पाठीशी सैन्य नव्हते, तिजोरी नव्हती, समाज होता. पुढच्या १७ सप्टेंबरला स्मृतिस्तंभापाशी ध्वज चढेल, मानवंदना होईल, जाडजूड अंक घरोघरी पडतील. त्या सकाळी शुभेच्छांच्या जाहिराती उलटताना प्रत्येक सुजाण कुटुंबाने स्वतःला एवढेच विचारावे: या घरात येणाऱ्या अक्षरांचे मोल या घराने मोजले आहे, की दुसऱ्या कोणी?